चिमूटभर थांबा

पोटच्या मुलीची निवड होऊ नये, म्हणून मी आमच्या प्रेषिताला, एलियाहू हन्नाबीला, नवस बोललो होतो. बाप असा नवस बोलतो का, असं कुणी विचारेल. बोललो, एवढं खरं.

गोष्ट २०१० सालच्या उन्हाळ्यातली. आमची ॲबी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची. फिजिओथेरपिस्ट आहे, लोकांचे आखडलेले खांदे मोकळे करते. तिनं एका फेलोशिपला अर्ज केला. कसली फेलोशिप? तर पुरोगामी ज्यू समाजासाठी पुढारी तयार करण्याची. महिन्यातला एक रविवार टोरांटो डाउनटाउनला जायचं, बारा तरुण माणसांनी गोल करून बसायचं आणि वर्षाअखेरीस लीडर होऊन बाहेर पडायचं. आमच्या कोकणात पुढारी व्हायला कोर्स लागत नसे. घसा मोठा असला की भागायचं.

घसा माझाही मोठाच आहे. मी ज्युडा झिराडकर, वय सहासष्ट. उभी हयात टोरांटोच्या उंच इमारतींतल्या लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली. शाफ्टच्या तळाशी उभं राहून चार मजले वरच्या माणसाशी बोलायचं म्हणजे आवाज लागतोच. त्याच आवाजात तीस वर्षं मी इथल्या आमच्या बेने इस्राएल मंडळींचा, म्हणजे कोकणातून आलेल्या ज्यूंचा, मलिदा म्हणत आलो.

मलिदा म्हटलं की इतर मराठी माणसं गालातल्या गालात हसतात, हे मला ठाऊक आहे. आमचा मलिदा तो नव्हे. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर बदाम-बेदाणे, भोवती पाच तऱ्हेची फळं आणि मधोमध एक गुलाब. घरात काही चांगलं झालं किंवा नवस पुरा झाला की हे ताट मांडायचं, एलियाहू हन्नाबीचं स्तवन म्हणायचं, फळांवर आशीर्वाद म्हणायचे आणि मग सगळ्यांनी मिळून खायचं. शब्द हिब्रू, खोबरं अलिबागचं. दुसऱ्या देशांतल्या ज्यूंना यातलं काही माहीत नसतं, आणि आपण सांगायला गेलो तर ते आधी पोह्यांची रेसिपी विचारतात. म्हणणारा पुरुष, ताट उचलणारा पुरुष, खोबरं खोवणाऱ्या बायका. ही वाटणी कुणी केली, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

आणि ही मुलगी निघाली पुरोगाम्यांकडे! आमच्या जुन्या वळणाच्या सिनेगॉगमध्ये बायका वेगळ्या बसतात. तिच्या टेंपलमध्ये सगळे एकत्र बसतात, बायका तोरा हा धर्मग्रंथ वाचतात, रब्बाय म्हणजे धर्मगुरूसुद्धा बाई. एकदा तिच्या आग्रहाखातर गेलो तर प्रार्थनेत गिटार वाजायला लागलं. मी अर्ध्यातून उठलो आणि पार्किंग लॉटमध्ये गाडीत जाऊन बसलो. तर अशा ठिकाणी ती लीडर होणार म्हणे. रिचमंड हिलच्या आमच्या घराच्या बेसमेंटमध्ये घर तापवणाऱ्या फर्नेसचा फिल्टर बदलता बदलता मी हात जोडले आणि म्हणालो, "एलियाहू हन्नाबी, हिची निवड होऊ देऊ नकोस. मलिदा करीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी बायको सिपोरा चपात्या लाटता लाटता म्हणाली, "अहो, मी नवस बोललेय. ॲबीचं सिलेक्शन झालं तर मलिदा करायचा. आणि म्हणणार ॲबी."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. माझा नवस मी कुठल्या तोंडानं सांगणार? एकाच घरातून एकाच नबीकडे दोन उलटे अर्ज गेले होते. तीन आठवड्यांनी ईमेल आली. नबीनं बायकोचं ऐकलं होतं.

नवस बोलला की फेडावा लागतो, यात आमच्यात दोन मतं नाहीत. पण ॲबी म्हणणार कशी? स्तवनाचे शब्द पुस्तकात मिळतात, चाल मिळत नाही. आमच्या झिराडकरांची चाल माझ्या वडिलांकडून माझ्याकडे आली, आणि अख्ख्या कॅनडात ती पुरी येणारा माणूस मी एकटा. मी शिकवलं नाही तर नवस अडला. त्यात भर म्हणजे फेलोशिपमध्ये प्रत्येकानं आपल्या समाजात एक प्रकल्प करून दाखवायचा होता, आणि या बाईसाहेबांनी प्रकल्प म्हणून हाच मलिदा लिहून दिला. जानेवारीत झाडांच्या नव्या वर्षाचा सण येतो, त्याच दिवशी आमच्याकडे एलियाहू हन्नाबीचा उरूस. त्याच्या लगतचा रविवार, तेवीस जानेवारी, टेंपलचा मोठा हॉल, बायका-पुरुष एकत्र, आणि ताटापाशी ॲबी. तो झाला नाही तर तिची फेलोशिप अपुरी राहणार होती.

"पप्पा, विल यू टीच मी?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "आजवर बाईनं म्हटलेला नाही."

"का पण?"

"नाही म्हटलेला, म्हणून नाही."

तिनं वाद घातला नाही. वाद घातला असता तर बरं झालं असतं, मी वादात मुरलेला माणूस. ती नुसती "ओके" म्हणाली आणि भांडी घासायला उठली. डिशवॉशर असताना.

आता मी शिकवणार नव्हतो, पण मुलीला माझ्याशिवाय हायवेवर सोडणारही नव्हतो. तिच्या गाडीला विंटर टायर्स नव्हते. त्यामुळे दर महिन्याच्या त्या रविवारी मी तिला न्यायचो, खाली लॉबीत थर्मासमधला चहा पीत बसायचो आणि संध्याकाळी घेऊन यायचो. कुणी विचारलं तर सांगायचो, "आय ॲम ओन्ली द ड्रायव्हर."

नोव्हेंबरात लॉबीची हीटिंग बंद पडली. फेलोशिपचा प्रमुख झेव म्हणून एक रब्बाय होता, कॅल्गरीचा, चाळिशीचा, कायम जीन्समध्ये. तो खाली आला आणि म्हणाला, "ज्युडा, कम अप. वुई हॅव कॉफी." थंडीपुढे तत्त्व टिकत नाही. गेलो.

वर बघतो तर लीडर लोक जमिनीवर बसून पिवळ्या चिठ्ठ्या लिहीत होते. कॅल्गरीची एक मुलगी होती, कनाटाचा टेलिकॉममधला एक मुलगा होता, माँट्रियलचा एक दर दोन वाक्यांमागे फ्रेंच बोलायचा. प्रश्न फळ्यावर लिहिला होता: तुमच्या समाजात अशी कोणती गोष्ट आहे, जी एका माणसाबरोबर संपेल? ज्यानं त्यानं उत्तर लिहून भिंतीवर लावायचं. मी कॉफी घेऊन भिंतीपाशी वाचत उभा राहिलो. कुणाची आजी लाडिनो बोलायची, कुणाचे काका कबरीवरचे दगड कोरायचे. आणि शेवटून दुसरी चिठ्ठी ॲबीच्या अक्षरात होती. इंग्रजीत दोनच शब्द. "माय फादर."

मला रडू आलं. झेवनं विचारलं, ठीक आहात ना, तर म्हणालो कॉफी फार गरम आहे.

खोटं कशाला बोलू, आदल्या जानेवारीचा मलिदा मला आठवला. आमच्याच बेसमेंटमध्ये केला होता. एकेकाळी साठ माणसं यायची, त्या वर्षी सात होती. म्हातारे रोहेकर, त्यांची बायको, आम्ही तिघं, माझी शीलाआत्या, आणि शेजारची मृणालिनी, जी पुण्याची देशस्थ असून केवळ विळी द्यायला आली होती आणि बसली. मी मात्र तीनशे माणसांसमोर म्हणावं तसा घसा ताणून म्हणत होतो.

परतीच्या वाटेवर हायवेला लागलो आणि मी रेडिओ बंद केला.

"एक अट आहे," मी म्हणालो. "मी म्हणतो तस्संच म्हणायचं. एक मात्रा इकडची तिकडे नाही. ते तुमचं गिटारबिटार नाही."

"नो गिटार," ॲबी म्हणाली. तिनं खिडकीकडे तोंड फिरवलं होतं, पण ती हसत होती हे मला काचेत दिसलं.

आणि आमची शिकवणी सुरू झाली. गाडीत. बर्फ पडायला लागल्यापासून कामावरही मीच तिला सोडायचो. ती फोनवर रेकॉर्ड करायची, मी स्टिअरिंगवर ताल धरायचो. मुलगी हुशार. माझ्यापेक्षा तिचा सूर पक्का आहे, हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं पण मी ते तिला सांगितलं नाही. फक्त तिसऱ्या कडव्यातल्या थांब्यापाशी ती चुकायची.

हा थांबा म्हणजे आमच्या चालीचा प्राण. तिसऱ्या कडव्याच्या मध्यावर म्हणणारा एकदम थांबतो, दोन मात्रांपुरती शांतता, आणि मग पुढे. माझे वडील एलोजीमास्तर पेणला शाळेत होते, ते तिथे डोळे मिटून थांबायचे. मीही तसाच थांबत आलो. त्या क्षणी नबी घरात येतात, असं आमच्या इथल्या मंडळींत मानतात. सगळे दाराकडे बघतात. रोहेकर तर उठून पुढचं दार उघडतात. जानेवारीत उणे अठरात दार उघडलं की घरभर काय होतं ते सांगायला नको, पण आजवर कुणी कुरकुर केली नाही.

"पण पप्पा, इथेच का थांबायचं?" ॲबीनं विचारलं. त्या फेलोशिपनं तिला 'का' विचारायची सवयच लावली होती.

"कारण इथेच थांबतात."

डिसेंबरच्या रविवारी तिनं झेवला ते कडवं म्हणून दाखवलं. मी शेजारी उभा, छाती काढून. झेवनं डोळे मिटून ऐकलं, मग पुस्तक उघडून बोट ठेवलं.

"ज्युडा, धिस इज ब्यूटिफुल. बट व्हाय डू यू स्टॉप इन द मिडल ऑफ अ वर्ड?"

मी पुस्तकात बघितलं. खरंच की. शब्दाच्या ऐन मध्यावर, अर्धा अलीकडे आणि अर्धा पलीकडे. तीस वर्षं पुस्तक पाठ म्हणून मी ते उघडलंच नव्हतं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "धिस इज ट्रॅडिशन," मी म्हणालो आणि थर्मास उचलला.

ट्रॅडिशन म्हणालो खरा, पण डोक्यात भुंगा शिरला. हे सांगू शकेल असं माणूस आता एकच उरलं होतं, शीलाआत्या. माझ्या वडिलांची धाकटी बहीण, शहाऐंशी वर्षांची, स्कारबरोच्या एका सीनियर्स होममध्ये राहते आणि तिथल्या चिनी बायकांना पत्त्यांत हरवते. पुढच्याच रविवारी ॲबीला घेऊन तिच्याकडे गेलो.

"आत्या, आपल्या मलिद्यात तो थांबा आहे ना तिसऱ्या कडव्यात," मी म्हणालो, "तो कुणापासूनचा? आजोबांपासूनचा?"

"कुठला रे थांबा?"

मी म्हणून दाखवलं. थांबलो, डोळे मिटले, दोन मात्रा.

आत्या हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला, ॲबीनं पाणी दिलं, तर पाणी पिऊन पुन्हा हसायला लागली.

"अरे गाढवा, ती दादाची तपकीर!"

"काय?"

"तपकीर, तपकीर! मास्तरांना तलफ आवरायची नाही. मलिदा लांबलचक, तेवढा वेळ धीर कुठला? तिसऱ्या कडव्यापर्यंत कळ काढायचा आणि मग डबी काढून चिमूट ओढायचा. शिंक येऊ नये म्हणून डोळे घट्ट मिटायचा. आमचे वडील कित्ती चिडायचे! म्हणायचे, नबी दारात उभे आणि हा नाकात कोंबतोय."

ॲबीनं ओठ दाबून धरले होते. तिचे खांदे हलत होते. मला मात्र हसू येईना. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती; आम्ही ज्यू असलो तरी म्हण मराठीच आठवते. तीस वर्षं मी या लोकांना काय शिकवलं? माझ्या बापाचं व्यसन! त्यावर म्हातारे रोहेकर गुडघे धरून उठतात आणि दार उघडतात!

घरी येताना गाडीत मी एवढंच म्हणालो, "तो थांबा काढून टाक. सरळ म्हण, पुस्तकात आहे तसं."

"बट पप्पा, मला तो—"

"काढ म्हणतो ना. आणि पुढचं तुझं तू बघ. मी यायचा नाही. कुठलं तोंड घेऊन बसू तिथे?"

खरंच सांगतो, मी ते रागानं म्हणालो नाही, लाजेनं म्हणालो. एवढा मोठा घसा, आणि त्यात भरलेली काय, तर तपकीर. मुलगी गिटारवाल्यांत गेली म्हणून मी नवस बोललो. त्यांचं गिटार निदान सुरात तरी होतं.

पुढचे तीन आठवडे मी मलिद्याचं नाव काढलं नाही. सिपोरा आणि ॲबी आपापसांत बोलायच्या, फोन करायच्या, याद्या करायच्या. मृणालिनीची विळी येऊन पडली. पोह्यांच्या पिशव्या आल्या. मी वर्तमानपत्रामागे बसून सगळं ऐकायचो. शनिवारी दुपारी सिपोरानं माझ्या हातातलं वर्तमानपत्र काढून घेतलं.

"उद्या येताय ना?"

"नाही म्हणून सांगितलंय."

"का? तपकिरीला भिऊन नबी परत जातील होय?" ती म्हणाली. "अहो, एवढ्या लांब कोकणातून येतात ते. चिमूटभर तपकिरीनं काय होतंय त्यांना? नवस माझा आहे. ताटाशेजारी माझा नवरा बसणार. शर्ट इस्त्री करून ठेवलाय."

तिनं शर्ट इस्त्री करून ठेवला की पुढे बोलण्यात अर्थ नसतो, हे मी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी शिकलो होतो.

रविवारी सकाळी उठलो तर बाहेर फूटभर बर्फ. ड्राइव्हवे शोव्हल करता करता मला वाटलं, चला, कुणी यायचं नाही, सुटलो. आणि लगेच पोह्यांची आठवण झाली. ॲबीनं दीडशे माणसांचे पोहे भिजवले होते. हॉलमध्ये ती एकटी ताटापाशी उभी आहे आणि समोर रिकाम्या खुर्च्या आहेत, असं चित्र डोळ्यांसमोर आलं आणि मी एलियाहू हन्नाबीला म्हणालो, माणसं पाठव रे बाबा. या वेळी नवसबिवस काही नाही. नुसती विनंती.

माणसं आली. बूट झटकत, कोट काढत, गाडी कशी घसरली ते सांगत आली. जुन्या वळणाची आमची मंडळी, जी या टेंपलची पायरी चढणार नाहीत अशी मी पैज लावली असती, तीसुद्धा आली. कारण नवसाच्या मलिद्याला नाही म्हणत नाहीत. दोन वर्षं न दिसलेली पोरंटोरं आली. रोहेकर तिसऱ्या रांगेत कडेला, दाराजवळची जागा धरून बसले. झेव आला, त्याच्यामागे सगळे लीडर, माँट्रियलवाला नारळ खोवायला बसला आणि मृणालिनी त्याला हिंदीत सूचना देत होती. शीलाआत्या व्हीलचेअरवर पहिल्या रांगेत. टेंपलची सगळी माणसं, हातात ॲबीनं छापलेले कागद. मी मोजायला लागलो आणि शंभराच्या पुढे मोजदाद सोडून दिली.

ताटं पाच होती. गुलाब पाच. मी इस्त्रीच्या शर्टात त्यांच्याशेजारी बसलो.

आमच्या घरची एक रीत आहे. नवस कसला होता, ते मलिद्याआधी मोठ्यानं सांगायचं. सिपोरा उठली आणि मराठीत म्हणाली, "माझ्या लेकीची निवड व्हावी, आणि तिनं मलिदा म्हणावा, असा मी नवस बोलले होते. झाली निवड." ॲबीनं ते इंग्रजीत सांगितलं. टाळ्या पडल्या. सिपोरा बसली नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "आता तुम्ही."

"मी काय?"

"तुमचा नवस सांगा."

माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. "कसला नवस?"

"बेसमेंटमध्ये फर्नेसपाशी बोललात तो. अहो, तुमचा आवाज हीटिंगच्या वेंटमधून तीन मजले ऐकू जातो. म्हणून तर दुसऱ्या दिवशी मी माझा बोलले. तुम्ही एक मलिदा म्हणालात, मी पाच ताटं कबूल केली."

सहा महिने! सहा महिने ही बाई सगळं जाणून मला जेवायला वाढत होती. मी ॲबीकडे बघितलं. तिचा चेहरा सांगत होता की तिला यातलं काही माहीत नव्हतं. आता लपवणार काय आणि कुणापासून? मी उभा राहिलो आणि माझ्या त्या शाफ्टमधल्या आवाजात सांगून टाकलं. "हिची निवड होऊ नये, असा मी नवस बोललो होतो. नबीनं माझं ऐकलं नाही. फार चांगलं केलं." मग तिच्याकडे वळून म्हणालो, "आणि ॲबी, तुझा सूर माझ्यापेक्षा चांगला आहे. दुसऱ्या दिवसापासून."

ॲबीला हे इंग्रजीत सांगता येईना. ती हसत होती आणि डोळे पुसत होती. शेवटी मृणालिनीनंच उठून सांगितलं, तिच्या पुणेरी इंग्रजीत, एकही शब्द न गाळता. हॉल असा हसला की खिडकीवरचा बर्फ पडला असेल.

मग ॲबीनं सुरुवात केली.

पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. आमच्या मंडळींनी मागून सूर धरला, टेंपलवाले कागदात बघून अडखळत आले. तिसरं सुरू झालं. आता ती सरळ जाणार होती, पुस्तकात आहे तशी, मीच सांगितलं होतं. मी मान खाली घातली. त्या जागेवरून माझ्या बापाला पुसून टाकायचा हुकूम मी स्वतः दिला होता, आणि आता त्याचंच मला दुःख होत होतं.

आणि ॲबी थांबली.

शब्दाच्या ऐन मध्यावर. डोळे मिटून. तिच्याबरोबर सगळा हॉल थांबला; आमचे थांबले आणि टेंपलवालेही थांबले. मी कागद उचलून बघितला. त्या जागी तिनं एक टिंब छापलं होतं आणि खाली बारीक अक्षरात, मराठीत आणि इंग्रजीत: 'इथे दोन मात्रा थांबावे. पेणचे एलोजीमास्तर झिराडकर इथे तपकीर ओढत.' मागे खुर्ची सरकली. रोहेकरांनी कागद वाचला होता की नाही देव जाणे, ते गुडघे धरून उठले आणि त्यांनी दार उघडलं. गार वारा आत आला, शंभर-दीडशे माणसांनी दाराकडे बघितलं. आणि पहिल्या रांगेत शीलाआत्यानं दोन बोटं नाकाशी नेली आणि डोळे घट्ट मिटून घेतले, अगदी तिचा दादा मिटायचा तसे.

ॲबीनं शब्दाचा उरलेला अर्धा भाग उचलला आणि पुढे निघाली. मी तोंड उघडलं, सवयीनं, आणि पुन्हा मिटलं. तीस वर्षं मी मलिदा म्हणत आलो होतो. त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.